चोवीस मीटर दहा

गावातल्या एकूण एक गटाराची लांबी टेपबाईला तोंडपाठ होती. नगरपालिकेत ओव्हरसियर होऊन तिला चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्या पिशवीत एखाद्या दिवशी डबा नसेल, पण तीस मीटरचा पोलादी टेप नाही असं कधी झालं नव्हतं. रस्ता दोन बोटं अरुंद भरला तरी ती कंत्राटदाराला भर उन्हात उभं करून पुन्हा मोजायला लावायची. कंत्राटदार तिच्या नावाने बोटं मोडायचे आणि तोंडावर 'बाई, बाई' करायचे. टेपबाई हे नाव पाठीमागचं. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं, पण असलं काही कबूल कोण करतं?

अशा या बाईने गावातली एकच गोष्ट कधी मोजली नव्हती, ती म्हणजे तिच्या वडिलांचा तलाव.

वडिलांचा म्हणजे काही मालकीचा नव्हे. तलाव पोहण्याचा, जागा नगरपालिकेची, आणि पाणी सगळ्यांचं. पण एक्केचाळीस वर्षांपूर्वी शाळेतल्या एका तरुण कसरतीच्या मास्तराने 'आपल्या गावातल्या पोरांना पोहता आलं पाहिजे' हे डोक्यात घेतलं. मग त्याने दारोदार फिरून माणसं गोळा केली, रविवारमागून रविवार कुदळी-फावडी चालवून खड्डा खणून घेतला, आणि एवढं सगळं झाल्यावर तलावाला गाव 'सरांचा तलाव' म्हणणार नाही तर काय म्हणणार? अर्धं गाव तिथे पोहायला शिकलं. उरलेलं अर्धं काठावर बसून शिकणाऱ्यांना हसलं. दोघांचीही करमणूक झाली, आणि दुसरी करमणूक गावात फारशी नव्हतीच.

सर आता एकाहत्तर वर्षांचे होते. सगळं गाव त्यांना सर म्हणे. घरात टेपबाईची आईसुद्धा त्यांना सरच म्हणायची. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे तिच्या आवाजावरून ओळखावं लागे.

तलाव मात्र सरांपेक्षा लवकर म्हातारा झाला. भिंतींना चिरा गेल्या, रोज वीतभर पाणी जिरायला लागलं, कपडे बदलायच्या खोल्यांचं छप्पर एका बाजूने खाली आलं. काही नगरसेवक म्हणायला लागले, बुजवून टाका, वर हिरवळ लावा आणि मधोमध रंगीत कारंजं. सरांनी कारंज्याचं नाव ऐकलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. आणि नेमकं त्याच महिन्यात वरून पत्र आलं: लहान गावांतल्या क्रीडा आणि करमणुकीच्या सोयींसाठी अनुदान. अर्ज करा.

अर्ज चौदा पानांचा होता, पण त्यातली मेख एकच. अनुदान दोन प्रकारचं होतं. पहिला प्रकार 'स्पर्धा तलाव'. त्यात सगळा खर्च सरकारचा. अट एवढीच की तलाव किमान पंचवीस मीटर लांब हवा. दुसरा प्रकार 'सार्वजनिक विरंगुळा'. त्यात लांबीची अट नव्हती, पण पैसे निम्मे, उरलेले लोकवर्गणीतून, पाणी सगळीकडे चार फुटांपेक्षा खोल नको, आणि जाहीर सभेत ठराव पाहिजे. दुसऱ्या प्रकाराकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. सरांचा तलाव पंचवीस मीटरचा होता, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगू शकलं असतं. नगरपालिकेच्या नकाशावर तसं लिहिलेलं होतं. टेपबाईने स्वतः तो नकाशा तीनदा उतरवून काढला होता आणि तिन्ही वेळा 'लांबी २५.००' असं आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं.

मंगळवारी चिरांची पाहणी करायला तलाव रिकामा केला. टेपबाई शिपायाला घेऊन तळाशी उतरली. चिरा मोजून झाल्या, आणि आता आलोच आहोत तर रकाना भरून टाकू, म्हणून तिने टेपचं एक टोक शिपायाच्या हातात दिलं आणि दुसऱ्या भिंतीकडे चालत गेली.

"किती?" शिपायाने तिकडून विचारलं.

तिने वाकून आकडा पुन्हा वाचला. मग म्हणाली, "टोक नीट धरा हो. भिंतीला टेकवा."

"टेकवलंय की."

"मग वाकलेलं असेल."

तिने स्वतः जाऊन टोक टेकवलं आणि शिपायाला आकडा वाचायला पाठवलं. शिपाई चष्मा पुसून, वाकून, अगदी जबाबदारीने वाचून म्हणाला, "चोवीस दहा." तिने तळाशी मोजलं, मध्यावर मोजलं, काठावर चढून वरून मोजलं. टेप बदलला. ऑफिसातून दुसरा मागवला. आकडा काही बदलेना. शिपायाला तोवर भूक लागली होती. तो म्हणाला, "बाई, एक मीटरसाठी कशाला एवढं?" टेपबाईने टेप गुंडाळून पिशवीत टाकला.

ती घरी निघाली. बाबांना हे कसं सांगायचं? एक्केचाळीस वर्षं ज्या माणसाने छातीठोकपणे पंचवीस मीटर सांगितलं, त्याला लेकीने येऊन सांगायचं, की बाबा, तुमचा तलाव आखूड आहे? तो माणूस कारंज्याच्या नुसत्या नावाने उपाशी राहिला होता. चौकात आल्यावर मात्र तिचे पाय एकाएकी थांबले. तिला सरांची फेरी आठवली.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक फेरी. पाचशे मीटर म्हणजे अशा वीस फेऱ्या, हा हिशोब शेंबड्या पोरालाही यावा. पण सर पाचशे मीटर पोहायला सांगायचे तेव्हा एकवीस घालायला लावायचे. हजार सांगितले की बेचाळीस. कोणी विचारलं तर म्हणायचे, "ती वरची माझी." गावाने तिचं नाव 'सरांची फेरी' ठेवलं होतं. दुकानदार वजन करून वर चिमूटभर टाकतो, तशी ही सरांची शिस्त, असंच सगळे समजत. टेपबाईने चौकात उभ्या उभ्या चोवीस दहाला एकवीसने गुणलं. पाचशे सहा आले. मागून स्कूटरवाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा ती बाजूला झाली.

म्हणजे बाबांना माहीत होतं.

सर जेवायला बसले होते. तिने हात धुतले, समोर बसली आणि सरळ विचारलं, "बाबा, तलाव चोवीस मीटर दहा आहे. तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. उत्तर आईने दिलं. ती म्हणाली, "पहिल्या दिवसापासून."

"आई, तुलाही माहीत होतं?"

"मी कपडे शिवते बाई. शिलाईत जाणारं कापड धरलं नाही तर झबलं आखूड होतंच. तसंच झालंय यांचं."

झालं होतं ते असं. खड्डा सरांनी दोरीने आखला होता, बरोबर पंचवीस मीटर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. गावाने तेवढा खणला. मग भिंती बांधायची वेळ आली. दगडी भिंत दीड फूट जाड. ती खड्ड्याच्या बाहेर बांधता येत नाही, आतच बांधावी लागते, हे खणणाऱ्या शंभर माणसांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. इकडून पंचेचाळीस सेंटिमीटर गेले, तिकडून पंचेचाळीस गेले. गवंड्याने एक भिंत पूर्ण झाल्यावर सरांना बाजूला घेऊन सांगितलं होतं. तोवर एका बाजूला रस्ता झाला होता, दुसऱ्या बाजूला पंपघर उभं राहिलं होतं, आणि लोकांच्या हातांना फोड आले होते.

"पुन्हा खणा असं मी कोणत्या तोंडाने सांगणार होतो?" सर म्हणाले. "गवंड्याला म्हटलं, राहू दे, कोण मोजतंय."

"मी," टेपबाई म्हणाली.

"तू तेव्हा जन्मली नव्हतीस," आई म्हणाली. "नाहीतर खड्ड्यातूनच ओरडली असतीस."

सरांना हसू आलं नाही. ते ताटाकडे बघत म्हणाले, "लांबच्या पोहण्याला एक फेरी वाढवली, ते जमलं. शंभर मीटरला काय करणार? चार फेऱ्या झाल्या की भिंत येते. उरलेल्या साडेतीन मीटरसाठी पोराला कुठे पोहायला लावू?"

आणि मग टेपबाईला कळलं, की बाबांचं दुखणं तलावाच्या लांबीचं नव्हतंच. दुखणं वायरमनचं होतं.

तलावावर कपडे बदलायच्या खोलीबाहेर एक लाकडी फळा होता. त्यावर गावाचे विक्रम रंगवलेले होते. सगळ्यात वरची ओळ शंभर मीटरची: एक मिनिट सहा सेकंद. ती वेळ सत्तावीस वर्षं कोणी मोडली नव्हती. ती वेळ नोंदवणारा अठरा वर्षांचा मुलगा आता पंचेचाळीस वर्षांचा वायरमन झाला होता. लहानपणी तो निम्मा वेळ तलावात आणि निम्मा वेळ सरांच्या घरी असायचा. टेपबाई त्याला अजून दादा म्हणायची. एक मिनिट सहावर सगळ्या गावाने त्याला खांद्यावर घेतलं आणि मोठ्या शहरातल्या स्पर्धेला पाठवलं. एक मिनिट सहा म्हणजे तिथे दुसरा नंबर तरी नक्की, असं पेपरात आदल्या वर्षीच्या वेळा बघून सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. तिथे तो सहावा आला. दोन सेकंद जास्त लागले.

त्यानंतर वायरमन पोहला नाही. तलावाचा पंप मात्र तो फुकट सांभाळायचा, आणि नवीन मुलं पाण्याला घाबरली की काठावर बसून त्यांना आपलीच गोष्ट हसत हसत सांगायचा, "घाबरायचं नाही. मी ऐन वेळी घाबरलो, पाय गळाले, म्हणून बघा, खांबांवर चढतो." मुलं हसायची. सर तेवढ्यात शिट्टी वाजवायचे किंवा उगाच पाण्याची नळी हलवायला जायचे. टेपबाईने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. आज पहिल्यांदा तिला त्याचा अर्थ लागला.

"परत येताना बसमध्ये मी आकडेमोड केली," सर म्हणाले. "तो खिडकीशी बसून रडत होता. सगळ्यांसमोर पाय गळाले म्हणत होता. आपल्या तलावातल्या एक मिनिट सहाचे खऱ्या शंभर मीटरला किती होतात सांग."

तिने ताटाशेजारी पडलेल्या बिलाच्या मागे गणित केलं. "एक मिनिट साडेआठ."

"आणि तो तिथे एक मिनिट आठमध्ये पोहला."

आईने सरांच्या ताटात भाजी वाढली. ती त्यांनी मागितली नव्हती आणि खाल्लीही नाही.

"त्या दिवशी बोललो असतो तर तलावाचं हसं झालं असतं," सर शेवटी म्हणाले. "पुढच्या वर्षी सांगू म्हटलं. मग पुढच्या वर्षी म्हटलं, आता मागच्या वर्षी का नाही सांगितलं म्हणेल."

बुधवारी टेपबाई साहेबांपुढे उभी राहिली. नगरपालिकेचे साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांना फक्त कोणत्याही कागदावर रिकामा रकाना बघवत नसे.

"पंचवीस लिहा आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "नव्वद सेंटिमीटर पाण्याखाली कोणाला दिसतात? टाइल्स लावताना काढू कुठेतरी."

"टाइल्स लावल्या की अजून चार सेंटिमीटर आत येईल साहेब."

"मग टाइल्स नका लावू. बाई, सगळा खर्च मिळतोय. तुमच्याच वडिलांचा तलाव वाचतोय. सही करा."

सही तिचीच लागणार होती. मोजमापाखाली ओव्हरसियरची सही, हा नियम. ती पेन हातात घेऊन बसली. खोटं कशाला सांगायचं, तिला मोह झालाच नाही असं नाही. चांगला झाला. एका आकड्यात बाबांची अब्रू, तलाव, फळा, सगळं जागच्या जागी राहत होतं आणि दादाला आयुष्यात काही कळलं नसतं. चौदा वर्षं तिने लोकांना दोन दोन बोटांसाठी उन्हात उभं केलं होतं. आज घरच्यासाठी नव्वद सेंटिमीटर सोडायचे?

ती पेन ठेवून घरी गेली आणि तिने सरांनाच विचारलं.

"चोवीस दहा लिही," सर लगेच म्हणाले. विचार करून ठेवला असावा. "दुसऱ्या प्रकारात टाक. रविवारच्या सभेत मी स्वतः सांगेन. पण सभेच्या आधी मला त्याला एकट्याला सांगायला हवं. दहा लोकांमध्ये त्याच्या कानावर गेलं तर मला ते चालणार नाही."

"सांगा मग."

"सांगतो."

सांगणं कसलं, पुढच्या तीन दिवसांत त्यांच्या घराची वायरिंग तेवढी नवी झाली. बुधवारी संध्याकाळी सरांनी पंखा आवाज करतो म्हणून वायरमनला बोलावलं. पंखा आवाज करत नव्हता. वायरमनने तरीही तो उतरवला, तेल घातलं, परत बसवला, चहा घेतला. सरांनी हवापाण्याबद्दल विचारलं आणि तो गेला. गुरुवारी दाराची घंटा. ती बिघडलेली दिसावी म्हणून सरांनी स्वतः आतली तार काढून ठेवली होती. वायरमनने ती दोन मिनिटांत लावली. सर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. शुक्रवारी सकाळी इस्त्री, संध्याकाळी माजघरातला दिवा.

"सर, तुमच्या घरात या आठवड्यात झालंय काय?" वायरमनने विचारलं. "उंदीर आहेत का?"

"एक आहे," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "मोठा आहे."

सरांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की ती पुढचं बोलली नाही. पण वायरमन गेल्यावर म्हणाली, "आता घरात बिघडवायला काही उरलं नाही. उद्या मी त्याला काय ते सांगून मोकळी होईन, मग बसा."

शनिवारी सकाळी टेपबाई चिरांवर खुणा करायला तलावात उतरली. वायरमन पंपघराच्या पायरीवर बसून मोटर खोलत होता. तलाव रिकामा आहे तोवर बेअरिंग बदलून टाकू, असं त्याचं म्हणणं. जरा वेळाने सर फाटकातून आले. इस्त्री केलेला शर्ट घालून आले होते, आणि ती इस्त्री चांगली चालत होती.

ते वायरमनच्या शेजारी पायरीवर बसले. टेपबाई वीस पावलांवर होती. तिला वर यायचं की खालीच थांबायचं ते कळेना. शेवटी हातात खडू धरून ती तिथेच उभी राहिली.

"तलाव चोवीस मीटर दहा आहे," सर म्हणाले.

वायरमनने पान्हा थांबवला. "काय?"

"पंचवीस नाही. कधीच नव्हता. भिंतीत गेला. मला पहिल्यापासून माहीत होतं."

वायरमनने सरांकडे पाहिलं, मग तलावाकडे. तो पान्हा खाली ठेवून उठला, शिडीवरून तळाशी आला आणि टेपबाईसमोर हात पुढे केला. तिने टेप त्याच्या हातात दिला. टोक धरायला ती गेली. त्याने आकडा वाचला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"शंभराला किती कमी पडतं?" त्याने विचारलं.

"तीन मीटर साठ."

"सेकंद किती?"

"जवळजवळ अडीच." तिने टोक सोडलं. "दादा, तुमच्या इथल्या एक मिनिट सहाचे तिथे एक मिनिट साडेआठ व्हायला हवे होते."

वायरमन वर बघून सरांना म्हणाला, "आणि झाले आठ."

"आठ झाले," सर म्हणाले. ते आता उठून काठावर उभे होते. "तू तिथे इथल्यापेक्षा अर्धा सेकंद चांगला पोहलास. तुझे पाय गळाले नव्हते. त्या दिवसाएवढा चांगला तू आधी कधी पोहला नव्हतास. मी ते गाडीत बसलो तेव्हाच काढलं होतं आणि तुला रडू दिलं. तलाव बंद पडेल म्हणून गप्प बसलो. चुकलो मी."

वायरमनने टेप गुंडाळला. अगदी व्यवस्थित, शेवटचं टोक आत जाईपर्यंत. तो टेपबाईच्या हातात दिला, शिडी चढला, सरांच्या शेजारून गेला आणि फाटकाबाहेर निघून गेला. मोटर उघडी पडली होती. त्याचे पान्हे, बेअरिंगची नवी डबी, तेलाचा फडका, सगळं पायरीवर तसंच. आपलं हत्यार असं टाकून जाणारा तो माणूस नव्हता. सर दुपारपर्यंत त्या पायरीवर बसून राहिले. मग टेपबाईने सगळं गोळा करून पंपघरात ठेवलं आणि त्यांना हाताला धरून घरी नेलं.

रविवारी सकाळी शाळेच्या सभागृहात सभा झाली. साहेबांनी दोन्ही प्रकार समजावून सांगितले. मग सर उठले आणि त्यांनी गावाला ते सांगितलं, जे त्यांनी एक्केचाळीस वर्षं सांगितलं नव्हतं. खड्डा, दोरी, भिंत. शर्टाचं शेवटचं बटण धरून बोलत होते. वायरमनचं नाव त्यांनी घेतलं नाही. खाली बसले तेव्हा सभागृहात अशी कुजबूज उठली की साहेबांना टेबल वाजवावं लागलं.

कारंजेवाले नगरसेवक उभे राहिले. "म्हणजे फळ्यावरचे विक्रम सगळे खोटे. आखूड तलाव, त्यात खोल पाणी बुजवायचं, वर आपण वर्गणी द्यायची. हे कशासाठी? त्यापेक्षा सरळ कारंजं करू, निदान बघायला तरी बरं."

पाच-सहा जण हसले. टेपबाईने कान तापल्यामुळे खाली पाहिलं. आई म्हणाली, "या माणसाला यांनीच शिकवलंय पोहायला. दोन महिने काठ सोडत नव्हता." ती हे जरा मोठ्यानेच म्हणाली.

तेवढ्यात मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. वायरमन उठला होता. तो कधी येऊन बसला, कोणी पाहिलं नव्हतं.

"माझं नाव फळ्यावर आहे," तो म्हणाला. "ते पुसा. बाकीच्यांचं ज्याने त्याने बघावं." त्याने मान खाजवली. "माझ्या दोन मुली या तलावात शिकल्या. चार फूट पाणी पोहायला शिकायला पुरतं. बुडायलाही पुरतं, म्हणून तर शिकवायचं. माझी वर्गणी लिहून घ्या आणि पंपाची मजुरी नको. कारंज्यालाही पंप लागतोच, पण तो मी बसवून देणार नाही."

आता हसले ते वेगळे लोक होते, आणि पुष्कळ होते. साहेबांनी हात वर करायला सांगितले. टेपबाईने सवयीने हात मोजायला सुरुवात केली आणि साठाच्या पुढे सोडून दिली. ठराव झाला. कारंजेवाल्यांनीही वर्गणीचा आकडा लिहिला; बायकोचा हात वर गेल्यावर त्यांचा नाइलाज झाला होता.

बाहेर लोक सरांभोवती जमले. कोणी पाठ थोपटली, कोणी 'एवढी वर्षं फुकट एक फेरी जास्त घालायला लावलीत' म्हणून भांडलं. सर सगळ्यांना हो हो म्हणत होते आणि त्यांच्या खांद्यावरून फाटकाकडे बघत होते. वायरमन तिथे स्कूटर पुसत उभा होता, पुसायची काही गरज नसताना. त्याची धाकटी मुलगी शेजारी कंटाळून उभी होती.

गर्दी पांगली तसा तो आला. सर पुढे झाले. बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण वायरमनने हातानेच त्यांना थांबवलं.

"सर, एकच विचारायचंय. रात्रभर तेच डोक्यात आहे." त्याने स्कूटरचा फडका खिशात कोंबला. "तुम्ही तेव्हा तिथे स्पर्धेत घड्याळ नीट दाबलं होतं ना? माझं मन राखायला काही सांगत नाही ना?"

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही. "दोन घड्याळं होती," ते म्हणाले. "एक पंचांचं, एक माझं. त्यांचं मी स्वतः जाऊन पाहिलं होतं. दोन्हींत एक मिनिट आठ."

"दोन्हींत?"

"दोन्हींत."

वायरमनने मान हलवली. त्याने सरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा वेळ तसाच धरून ठेवला. मग तो वळला आणि स्कूटरकडे जाता जाता स्वतःशीच म्हणाला, "एक मिनिट आठ." फाटकाशी पोचल्यावर पुन्हा म्हणाला, या वेळी चांगलं मोठ्याने, "एक मिनिट आठ."

"कसलं एक मिनिट आठ, बाबा?" मुलीने विचारलं.

"बस मागे," वायरमन म्हणाला. "लांबच्या रस्त्याने जाऊ. सांगतो."